नव्याचे नऊ दिवस संपल्यावर…

'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण आपण नव्या सुनेपासून नव्या मिक्सरपर्यंत सगळ्यांनाच लावतो. पण मैत्रिणींनो, दहाव्या दिवसासाठी आपल्याकडे म्हणच नाही! नऊ दिवस संपल्यावर काय होतं, तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगत नाही. लग्नाच्या बाबतीत तर नाहीच नाही. साखरपुड्यापासून हळद उतरेपर्यंत सल्ले द्यायला अख्खी भावकी हजर असते. त्यानंतर मात्र 'आता तुमचं तुम्ही बघा.'

बचत गटाच्या कामामुळे माझं सिन्नरमधल्या बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. हप्त्याचा हिशेब झाला, चहाचे कप विसळून झाले की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. अलीकडे या गप्पांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्यापर्यंत आला. म्हणून आज त्यावरच बोलू या.

पहिली आहे तेवीस वर्षांची. प्रेमविवाह, तोही घरच्यांचा विरोध पत्करून. नवरा मुसळगावच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. भाड्याच्या दोन खोल्या, दीड वर्षाचं मूल. ती म्हणाली, "काकू, लग्नाआधी हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर बोलायचा. आता 'डबा भर' आणि 'झोपू दे', एवढंच बोलतो. मलाही त्याला बघून पोटात काही होत नाही हो पूर्वीसारखं. आमचं प्रेम संपलं का? मी चुकले का?" तिने माहेरी जायची बॅगसुद्धा भरून ठेवली होती. पण ज्या माहेराशी भांडून आली, तिथे कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून ती बॅग कॉटखालीच होती.

दुसरीचं लग्न रीतसर पाहून-सवरून झालेलं. नाशिकरोडचं स्थळ. "बघायला आला तेव्हा आवडला होता. पण आवडणं आणि प्रेम एकच का? सगळ्या म्हणायच्या, लग्नानंतर आपोआप होतं. चार वर्षं झाली, अजून वाट बघतेय," असं ती हसत हसत म्हणाली. पण ते हसू काही खरं नव्हतं.

तिसरी एक आई. तिची सतरा वर्षांची मुलगी कॉलेजच्या बसमध्ये भेटणाऱ्या एका मुलासाठी अन्नपाणी सोडून बसलेली. "तो नाही तर जीव देईन म्हणते हो. सहा महिन्यांची ओळख आणि जीव द्यायच्या गोष्टी!"

तीन घरं, तीन वयं. पण गुंता एकच. ओढ आणि प्रेम या दोन गोष्टींना आपण एकच समजतो. मग ओढ ओसरली की प्रेम संपलं असं वाटतं. ओढ लागलीच नाही तर प्रेम आपल्या नशिबातच नाही असं वाटतं. आणि ओढ फार असली तर हेच जन्मभराचं प्रेम, अशी खात्रीच होऊन बसते.

पोटातली फुलपाखरं किती दिवसांची?

आधी या ओढीबद्दल. तिला नावं ठेवायचं कारण नाही. छान असते ती! गोंदेश्वराच्या देवळात फोटो काढायला येणारी नवी जोडपी बघा. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते तेज पाहून आपल्यालाही बरं वाटतं. पण ही ओढ म्हणजे नक्की काय, याचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे.

इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनाटेला माराझिटी नावाच्या डॉक्टरबाईंनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकत्याच प्रेमात पडलेल्या, दिवसरात्र एकाच माणसाचा विचार करणाऱ्या वीस जणांचं रक्त त्यांनी तपासलं. मन शांत ठेवणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याशी संबंधित असा एक घटक त्यांच्यात बराच कमी आढळला. तो किती कमी होता? तर ज्यांना तोच तो विचार सोडत नाही, वारंवार हात धुवावेसे वाटतात, अशा ओसीडीच्या रुग्णांइतका! म्हणजे 'वेडी झाली आहे त्याच्यासाठी' असं आपण म्हणतो ते अगदीच उगाच नाही. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांच्यातल्या काही जणांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तर सगळं मूळपदावर आलेलं होतं.

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून १९७९ मध्ये या अवस्थेवर पुस्तक लिहिलं. त्यांचा अंदाज असा, की ही झपाटलेली अवस्था साधारण दीड ते तीन वर्षं टिकते.

आता आपल्या तेवीस वर्षांच्या मैत्रिणीचा हिशेब मांडा. लग्नाआधीचं एक वर्ष, लग्नानंतरची अडीच. तिचं प्रेम संपलेलं नाही. तिचे नव्याचे नऊ दिवस संपले आहेत, आणि ते सगळ्यांचेच संपतात. कायम त्याच अवस्थेत राहिलो असतो, तर कुणी पोरं वाढवली नसती आणि कुणी शेतीही केली नसती. ताप उतरला म्हणून माणूस आजारी पडला असं आपण म्हणतो का?

बरं, मग पुढे सगळं कोरडंच का? तसंही नाही. न्यूयॉर्कमध्ये बियांका असेवेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लग्नाला सरासरी एकवीस वर्षं झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर जीव असलेल्या सतरा जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. जोडीदाराचा फोटो दाखवल्यावर त्यांच्या मेंदूतला आनंदाचा भाग नव्या प्रेमिकांसारखाच जागा झाला. फरक एवढाच, की नव्या प्रेमात दिसणारी अस्वस्थता त्यांच्यात नव्हती. ओढ होती, धाकधूक नव्हती. म्हणजे टिकाऊ प्रेम हे पहिल्या ओढीचं शिळं रूप नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची चवही वेगळी आहे.

फडक्यात गुंडाळलेली पानं

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगत होते, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी हसायला लागल्या. सिन्नर पूर्वी विड्यांसाठी ओळखलं जायचं. या आजींनी उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि दोरा. बोटं अजूनही तशीच वाकलेली.

"आमच्या येळेला प्रेमबिम कुठलं गं? लग्नात मी त्यांचं तोंडसुद्धा नीट पाह्यलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. विडीची पानं आदल्या राती भिजवून ठेवावी लागत्यात. न्हाईतर सकाळी कापताना मोडत्यात. मी दिवसभर वळून वळून राती अशी पडायची का ध्यानच ऱ्हायचं न्हाई. येक दिस उठले तर पानं भिजवून, फडक्यात गुंडाळून तयार. म्या इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. पुढं तीस वर्सं रोज राती ते पानं भिजवायचे. माझी सासू बोलायची, बाईचं काम करतो म्हणून. ते काय बोलायचे न्हाईत, पण भिजवायचे."

बैठक एकदम शांत झाली. मग त्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या दादल्याला फोनवर बोलाया येतं, हे तुला कळलं. पानं भिजवाया येत्यात का, ते आता कळंल."

इतके अभ्यास मी वाचले, पण ओढ आणि प्रेम यांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितला नव्हता. ओढ आपल्याला लागते, त्यासाठी काही करावं लागत नाही. प्रेम मात्र करावं लागतं, रोज आणि बहुतेक वेळा कुणी बघत नसताना.

निफाडच्या माणसाचा संसार

याचं एक मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या निफाडशी जोडलेलं आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडचा. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' ही मालिका लागायची, तेव्हा आपण सगळ्या रात्रीची भांडी तशीच ठेवून टीव्हीसमोर बसायचो. त्यातले ते रानडे आणि रमाबाई.

मालिकेत सगळं गोड वाटतं, पण या संसाराची सुरुवात मुळीच गोड नव्हती. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. मुलगा आता विधवेशीच लग्न करेल, या धास्तीने वडिलांनी घाईने स्थळ ठरवलं. रानड्यांच्या मनात हे लग्न नव्हतं, पण वडिलांचा शब्द मोडवला नाही. नवरी अकरा वर्षांची, नवरदेव एकतिशीचा. बाहेर सुधारक मंडळींनी टीका केली, की बोलतो एक आणि करतो एक. म्हणजे ओढ तर नाहीच, उलट नवऱ्याच्या मनात खंत आणि त्या पोरीला कशाचीच कल्पना नाही. आज असं लग्न कायद्याने गुन्हा आहे आणि तसाच तो असायला हवा. त्या लग्नाचं कौतुक करायला मी हे सांगत नाहीये. वाईट सुरुवातीनंतर त्या दोघांनी काय केलं, ते सांगायचं आहे.

रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. लग्नानंतरच्या पहिल्या बोलण्यात रानड्यांनी त्यांना विचारलं, की तुझं माझ्याशी लग्न झालं, पण माझं नाव तुला ठाऊक आहे का? मग लिहिता-वाचता येतं का, हे विचारलं. येत नव्हतं. माहेरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. मग पाटी-पेन्सिल आली आणि मुळाक्षरं सुरू झाली. पुढे शिकवायला बाई ठेवल्या, मग इंग्रजी सुरू झालं. घरातल्या मोठ्या बायकांना हे मुळीच आवडलं नाही. टोमणे, अबोले, कामात कोंडी, सगळं झालं. त्या घरात रमाबाई अभ्यास करत राहिल्या, आणि कोर्टाची, सभांची एवढी कामं असूनही रानड्यांनी शिकवणं सोडलं नाही.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुण्याच्या मोठ्या घरातून हे दोघं आपल्या जिल्ह्यात आले आणि रमाबाईंना जरा मोकळा श्वास मिळाला. त्यांचं पहिलं जाहीर भाषणही नाशिकच्या हायस्कुलातलं, आणि ते रानड्यांनी लिहून दिलेलं. काही वर्षांनी पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी याच रमाबाई गव्हर्नरांसमोर इंग्रजीत वाचायला उभ्या राहिल्या.

आता दुसरी बाजू बघा. रानड्यांची दृष्टी अधू होती. ज्या मुलीला त्यांनी अक्षर शिकवलं, तीच पुढे त्यांना वर्तमानपत्रं आणि पत्रं वाचून दाखवू लागली. एकाने डोळस केलं आणि दुसरी त्याचे डोळे झाली. हे काही पहिल्या नजरेत घडलं नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी खर्ची पडल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या आतबाहेर. पहिला काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. मग बाहेर पडल्या त्या कामासाठीच. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं आणि त्याद्वारे कितीतरी बायका शिकून नर्स, शिक्षिका झाल्या. १९१० मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. त्याच्या नावातही 'माझ्या' नाही, 'आमच्या' आयुष्यातील आठवणी आहेत. पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. १९३८ मध्ये इंग्रजी अनुवाद झाला, तेव्हा त्याचं नावच 'हिमसेल्फ' ठेवलं गेलं. पहिल्या दिवशी जिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं, तिने त्याच्याविषयी अख्खं पुस्तक लिहिलं.

पण हे 'आपोआप' झालं का? चार वर्षं वाट बघणाऱ्या आपल्या दुसऱ्या मैत्रिणीने इथे थोडं थांबून विचार करावा. लग्नानंतर प्रेम आपोआप होत नाही. सवय आपोआप होते. प्रेमासाठी दोघांपैकी कुणीतरी पाटी-पेन्सिल काढावी लागते आणि दुसऱ्याने ती हातात घ्यावी लागते.

सुरुवात कशी झाली, यावर काही ठरत नाही

मग प्रेमविवाह बरा की ठरवून केलेला? हा आपला लाडका वाद! १९८२ मध्ये जयपूरच्या उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी पन्नास जोडप्यांचा अभ्यास केला. प्रेमविवाहात सुरुवातीला जास्त असलेलं प्रेम वर्षं सरली तसं उतरलेलं दिसलं आणि ठरवून केलेल्या लग्नांत ते चढत गेलेलं दिसलं. हा अभ्यास लोक अजूनही मोठ्या हौसेने सांगतात, विशेषतः मुलीला प्रेमविवाहापासून परावृत्त करायचं असलं की! पण २०१२ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय जोडप्यांचा तसाच अभ्यास झाला, तेव्हा दोन्ही प्रकारांत काहीच फरक आढळला नाही. म्हणजे सुरुवात कशी झाली हा मुद्दाच नाही. नंतर दोघं काय करतात, हा मुद्दा आहे.

प्रेमाने सुरू झालेला एक प्रसिद्ध संसार घ्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. १२ जून १९४६ ला त्यांचं लग्न झालं. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा नवरा, कुणालाही हेवा वाटावा असं घर. पण १९९० मध्ये आलेल्या 'आहे मनोहर तरी' मध्ये सुनीताबाईंनी मोकळेपणाने लिहिलं, की अशा संसारातही मनात कितीतरी सल राहतात. साध्यासाध्या गोष्टींत घेतली न गेलेली दखल, एकटीने ओढलेली कामं. तेव्हा खूप चर्चा झाली, काहींना रागही आला. मला मात्र ते पुस्तक वाचून धीर आला. टिकलेलं प्रेम म्हणजे तक्रार नसलेलं प्रेम नव्हे. तक्रार असते, ती बोलली जाते आणि तरीही दोघं एकमेकांच्या बाजूला उभी असतात. पु.लं.चं निधन झालं तेही २००० सालच्या १२ जूनलाच, लग्नाच्या वाढदिवशी. चोपन्न वर्षं!

मग नंतर करायचं काय? अमेरिकेतल्या सिएटल शहरात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने एकशे तीस नवविवाहित जोडप्यांना एका घरासारख्या जागेत राहायला बोलावलं आणि ती एकमेकांशी कशी वागतात हे नुसतं पाहिलं. मोठी भांडणं, महागड्या भेटी यांपेक्षा महत्त्वाची ठरली एक अगदी साधी गोष्ट. एकाने काही म्हटलं की दुसरा लक्ष देतो का? 'बाहेर बघ, काय पाऊस आलाय' असं बायको म्हणाली, तर नवरा मान वर करतो का? सहा वर्षांनी पाहिलं, तर जी जोडपी एकत्र टिकली होती त्यांनी अशा शंभरातल्या सत्त्याऐंशीच्या आसपास, नेमकं सांगायचं तर शहाऐंशी वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली त्यांनी फक्त तेहेतीस वेळा.

हे आपल्या घरात आणून बघा. 'आज पाय फार दुखतायत' असं आपण म्हणतो, तेव्हा औषध नको असतं, मोबाइलमधून वर आलेली नजर हवी असते. आणि हे दोन्हीकडून असतं बरं का! नवरा बाजार समितीतून आल्यावर 'आज कांद्याला भावच नाही' असं म्हणतो, तेव्हा आपणही 'हात-पाय धुऊन घ्या' म्हणून पुढे जातो. त्याला भावाबद्दल नाही, काळजीबद्दल बोलायचं असतं. तिथे दोन मिनिटं थांबलं, तर ते पानं भिजवण्यासारखंच आहे.

सोसणं म्हणजे प्रेम नव्हे

आता एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण अशा लेखांचा नेमका उलटा अर्थ काढला जातो. 'वेळ दे, सगळं ठीक होईल' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला सांगायचं नसतं. पानं भिजवणारा माणूस आणि हात उचलणारा माणूस, या दोघांना एकाच मापाने मोजू नका. थंड पडलेल्या नात्यात ऊब आणता येते. भीती असलेल्या नात्यात आधी भीती जावी लागते. मारहाण, शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं, घराबाहेर काढण्याची धमकी, हे सगळं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात येतं. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर स्वतःला लागला नाही तरी पाठ असू द्या, शेजारणीला लागेल.

आणि आणखी एक. नव्या नवलाईत पाळत ही काळजी वाटते. 'दर तासाला फोन करतो गं, किती जीव आहे माझ्यावर!' पण तोच फोन 'कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, फोटो पाठव' असा होत गेला, तर ती काळजी राहत नाही, पहारा होतो. आपल्या 'नाही'चा मान राहतो की नाही, इथेच बहुतेक गोष्टी कळतात.

मुलीशी बोलताना

हेच त्या सतरा वर्षांच्या मुलीच्या आईलाही सांगितलं. मुलीला कोंडून, मोबाइल काढून घेऊन ओढ कमी होत नाही, उलट वाढते. ओरडण्याऐवजी तिला विचारा. तो तुझं ऐकतो का? तू नाही म्हणालीस तर रुसतो, धमकावतो की समजून घेतो? त्याच्या आईशी, बहिणीशी, रिक्षावाल्याशी कसा बोलतो? तुझं शिक्षण पुरं व्हायला दोन-तीन वर्षं थांब म्हटलं तर थांबेल का? अठराच्या आत लग्न नाही, हा कायदा आहे, हेही शांतपणे सांगा. खरं प्रेम असेल तर थांबल्याने ते कुठे जात नाही. नुसती ओढ असेल तर थांबल्याने तिला कळेल. दोन्हीकडून मुलीचाच फायदा.

आणि जीव देण्याची भाषा आली, तर ती 'नाटकं' म्हणून सोडून देऊ नका. मुलीला एकटं ठेवू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. या वयात मन फार लवकर पेटतं.

ओढ कशाची लागली, हेसुद्धा मुलींना शिकवण्यासारखं आहे. बाबा आमट्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नागपूरला एका लग्नघरात त्यांनी पाहिलं, की सगळे मजेत असताना त्या घरातली एक मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करते आहे. तीच इंदू घुले, पुढच्या साधनाताई. १९४६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं लग्न झालं. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं राहिलं, ते या दोघांच्या हातांनी. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये. पहिली नजर तीही होतीच की! पण ती रूपावर नाही, वागण्यावर पडली होती. रूप उतरतं, केस जातात, कंबर सुटते. धुण्याच्या दगडाशी वाकणारा स्वभाव सहसा जात नाही.

आपला दहावा दिवस

तेवीस वर्षांच्या मैत्रिणीची बॅग अजून कॉटखालीच आहे का, हे मी विचारलं नाही. तो तिचा प्रश्न. पण परवा हप्ता भरायला आली, तेव्हा म्हणाली, "काकू, त्याची नाइट असली की मी सकाळी बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर बसते, म्हणजे त्याला झोप मिळते. हे तो कधी बोलला नाही. काल म्हणाला, तू बाहेर बसतेस म्हणून झोप लागते मला." मग थोडं थांबून, "मीही सांगितलं त्याला, की तू बोलत नाहीस याचा मला त्रास होतो. आता जेवताना मोबाइल बाजूला ठेवायचं ठरलंय. बघू."

ते 'बघू' मला फार आवडलं. त्यात खोटी आशा नाही आणि हार मानणंही नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करून बघा. आपल्या घरात न बोलता कोण कुणासाठी पानं भिजवतं, ते शोधा. पाण्याची मोटर वेळेवर कोण लावतं, गाडीत पेट्रोल कोण भरून ठेवतं, तुमच्या वाटणीची भाकरी कोण झाकून ठेवतं. दिसलं तर एकदा बोलून दाखवा, कारण न बोललेली दखल समोरच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि खूप शोधूनही काहीच दिसलं नाही, सगळी पानं वर्षानुवर्षं तुम्ही एकट्याच भिजवत असाल, तर तेही बोलून दाखवा. एकटीने किती दिवस भिजवायची?